निवृत्तांच्या वसाहतीजवळ राहताय आणि घरातल्या तरुण मुलामुलीला काम हवंय? कोकणात सुरुवात कुठून करायची

मुंबई-ठाणे-पुण्यातली नोकरी संपवून दापोली, गुहागर, अलिबाग, मालवण या पट्ट्यात राहायला आलेले किंवा गावच्या जुन्या घरी कायमचे परतलेले खूप जण आता आजूबाजूला दिसतात. त्यातल्या बऱ्याच घरांत एक तरुण माणूसही असतो, कुणाचा नातू, कुणाचा धाकटा मुलगा, कुणाची भाची, वय वीस-बावीस, शिक्षण झालेलं किंवा अर्ध्यावर सुटलेलं, आणि घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न की इथे याला काम कुठलं मिळणार. हा लेख अशा नव्याने आलेल्या घरांसाठी आहे. आम्ही दापोलीच्या बाजूला राहतो, माझा भाचा आमच्याकडेच असतो, आणि जवळच्या वसाहतीत कामं करणारी पोरं कशी उभी राहिली ते मी जवळून बघितलंय, म्हणून पायरी पायरीने लिहितेय.

फोनवरच्या जॉब ॲपवर इथलं लोकेशन टाकलं तर पुण्याच्या कॉल सेंटरचे नाहीतर मुंबईच्या डिलिव्हरीचेच मेसेज येतात. इथलं काम तिथे येतच नाही. ते लोकांच्या घरात असतं, तोंडी असतं, आणि कुणीतरी वेळ-दर ठरवून समोर ठेवेपर्यंत त्या घरातल्या आजी-आजोबांनाही वाटत नाही की यासाठी पैसे देऊन माणूस ठेवता येतो. ते कुणाला तरी फोन करून विनवत बसतात, 'जरा येशील का रे.' त्या 'जरा येशील का रे' मधूनच रोजगार काढायचाय.

दापोलीला तर हे नवीन नाहीच. इंग्रजांच्या काळात इथे लष्कराचा कॅम्प होता, म्हणून कॅम्प दापोली, आणि पुढे लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर इथे येऊन राहायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. पेन्शनरांची वस्ती आणि तिच्याभोवतीची कामं हा इथला जुना मामला आहे.

पायरी १ : आधी त्याच्याशी बोला, मग बाकीच्यांशी

आपण काय करतो, वसाहतीच्या गेटवर कुणी भेटलं की लगेच, "आमच्या बाळ्यासाठी बघा हो काहीतरी." हे कृपा करून करू नका. एकदा तो सगळ्यांच्या नजरेत 'बिचारा, घरी बसलेला' झाला की त्याला काम देतात ते दया म्हणून आणि पैसे देतात तेही खाऊला दिल्यासारखे. आणि ते त्याला कळतं, तो बोलत नाही एवढंच.

त्यापेक्षा एका संध्याकाळी नीट बसा आणि त्यालाच विचारा. इथे किती दिवस राहायचंय, एक वर्ष की कायम? आजारी माणसाजवळ बसायला जमेल का? अनेकांना नाही जमत आणि त्यात वाईट काही नाही. अनोळखी घरात जाऊन बोलता येतं का, की हातात पाना-पक्कड दिली की खूश? रात्री काम चालेल का? पुढे कसली परीक्षा द्यायचीय का, म्हणजे अभ्यासाला रोज किती तास बाजूला ठेवायचे? मुलगी असेल तर येण्याजाण्याचं आधी बोला, कारण कोकणात दोन वाड्यांच्या मधला रस्ता अंधारात कसा असतो ते तुम्हाला आल्यावर चार दिवसांत कळलंच असेल. ही उत्तरं वहीत त्याच्याच हाताने लिहून ठेवायला सांगा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर ठरतात.

पायरी २ : कागद आणि लायसन

आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं, दहावी-बारावीची मार्कलिस्ट. आधारला सध्या चालू असलेला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते पहिलं बघा, कारण नंबर जुना असला की ओटीपी येत नाही आणि सगळं तिथेच अडतं. कागद डिजीलॉकरमध्ये टाकून ठेवा, पावसात झेरॉक्सच्या दुकानात लाइट नसते तेव्हा आठवण येईल.

आणि लायसन. माझ्या मते इथे बारावीच्या सर्टिफिकेटपेक्षा टू-व्हीलरचं लायसन जास्त उपयोगी पडतं. लर्निंग काढलं की तीस दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं, म्हणजे गावात आल्या आल्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर बाकीची शोधाशोध होईपर्यंत ते हातात येतं. जमत असेल तर फोर-व्हीलरचंही बरोबरच काढा, कारण वसाहतीतल्या कितीतरी काकांकडे गाडी आहे पण डोळ्यांमुळे नाहीतर गुडघ्यांमुळे घाटातून चालवायची हिंमत राहिलेली नाही, आणि चिपळूण-रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचं म्हटलं की ड्रायव्हर शोधत बसतात.

गाडी नसेल तर एसटीचं टाइमटेबल पाठ करा. गावातून पहिली गाडी कधी सुटते आणि संध्याकाळी वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येणारी एसटी, किती वाजता येते, या दोन वेळांच्या मधेच त्याची नोकरी बसली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी रात्री आठपर्यंत दुकानात उभं राहायचं काम मिळालं आणि वस्तीची गाडी साडेसातलाच सुटत असेल तर महिनाभरात ते काम सुटतं, रिक्षाचा खर्च पगारात मावत नाही.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखलाही आधीच काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरात जायचंय, त्यांनी मागायच्या आधी आपण दाखवला की समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो.

पायरी ३ : पंधरा किलोमीटर आणि बारा महिने

एक मोठा कागद घ्या आणि घरापासून पंधरा-वीस किलोमीटरमध्ये काय काय आहे ते लिहून काढा. वसाहतीचं ऑफिस, तिथला मॅनेजर, सिक्युरिटी आणि साफसफाईचं कंत्राट कुणाकडे आहे, ग्रामीण रुग्णालय, खासगी दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, मेडिकल, पतपेढ्या, हार्डवेअरची दुकानं, होमस्टे, काजूचे कारखाने, आंब्याचे पॅकिंग करणारे. खेड-चिपळूणच्या बाजूला असाल तर लोटे परशुरामची एमआयडीसी आहे, रत्नागिरीला मिरजोळे, सिंधुदुर्गात कुडाळ. दापोलीला १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आहे, तिथे नर्सिंगचं शिक्षणही होतं. या मोठ्या ठिकाणी थेट जाऊन चौकशी करता येते, बायोडेटा देता येतो, त्यासाठी कुणाची ओळख लागतेच असं नाही.

मग कॅलेंडर. शहरातून आलेल्यांना हे सुरुवातीला लक्षात येत नाही की इथे काम ऋतूवर चालतं. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत आंबा, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीतले पर्यटक, सगळीकडे माणसं कमी पडतात. जून लागला की होमस्टे ओस, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदरावरची कामंही थंड. गणपतीत गाव भरतं, पण तेव्हा नोकरी विचारायला कुणाकडे जाऊ नका, कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. दिवाळीपासून नाताळ-नवीन वर्षापर्यंत पुन्हा पर्यटक. म्हणजे हॉटेल-होमस्टेमध्ये विचारायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि घरांच्या दुरुस्तीसाठी विचारायचं तर एप्रिलमध्ये, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामं सुरू व्हायच्या आधी.

हे सगळं करताना सरपंच, पोलीस पाटील आणि वाडीतली जुनीजाणती दोन-चार माणसं यांना मुलासोबत एकदा भेटून या. आपण बाहेरून आलोय, इथल्या पोरांनाही काम हवंच आहे. माझं प्रामाणिक मत असं की त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा जोडी जमवावी. गावातल्या पोराला माड, कौलं, मोटर कळते, शहरातून आलेल्याला फोन, बँकेचं ॲप, इंग्रजी अर्ज कळतात, आणि एकाच घरात दोन्ही लागतं.

पायरी ४ : वसाहतीतल्या घरांत खरंच काय लागतं

ही पायरी मोठी आहे, घाईने वाचू नका.

पहिलं, हयातीचा दाखला. नोव्हेंबर महिन्यात सरकारी पेन्शनरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते, ८० वर्षांवरच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. पीएफच्या पेन्शनवाल्यांचं वेगळं, ते वर्षात कधीही देऊ शकतात आणि तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' म्हणून हे डिजिटल झालंय आणि आता साध्या स्मार्टफोनवर चेहरा दाखवूनही होतं. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप लागतात, आधी फोन चालवणाऱ्याने स्वतःचं आधार आणि चेहरा देऊन ऑपरेटर म्हणून नोंद करायची, मग त्याच फोनवरून बाकीच्यांचे दाखले निघतात. आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या मंजुरी-आदेशावरचा), पेन्शन जमा होते ते खातं आणि मोबाइल जवळ असला की झालं.

आमच्या शेजारचा एक मुलगा हे करतो, मी बघत बसले होते एकदा. आजींना त्याने आधी माजघरातल्या अंधारातून उठवून पडवीत आणलं, उजेड चेहऱ्यावर येईल असं खुर्चीत बसवलं, मागे पांढऱ्या भिंतीची बाजू घेतली, चष्मा काढायला लावला. ॲप म्हणतं पापण्या मिटा-उघडा, आजी ऐकू कमी येतं म्हणून नुसत्या बघत राहिल्या, तर त्याने फोन धरलेला हात तसाच ठेवून स्वतः समोर पापण्या मिटून दाखवल्या, मग त्यांनी केलं आणि हिरवं वर्तुळ आलं. मेसेजमध्ये आलेला प्रमाण आयडी त्याने त्यांच्या पासबुकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला, तारीख घातली. बँकेच्या रांगेत दोन तास उभं राहण्यापेक्षा आजी आनंदाने पैसे देतात आणि पुढच्या नोव्हेंबरला त्यालाच बोलावतात. आधी घरातल्या आजोबांवर सराव करायचा, मग बाहेर जायचं.

दुसरं, दवाखान्यात सोबत. चिपळूणला नाहीतर रत्नागिरीला तपासणी असते, मुलं परदेशात, काकूंना एकट्याने जायचं धाडस होत नाही. सकाळी घरून घ्यायचं, जुन्या फाइली बरोबर घ्यायच्या, डॉक्टर काय बोलले ते वहीत लिहायचं, औषधं आणायची, घरी सोडायचं आणि संध्याकाळी मुलाला व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकायच्या. हे चार ओळींचं टाकणारा माणूस घरच्यांना सोडवत नाही. यासाठी प्रथमोपचार शिकलेला असावा, घसरून पडलेल्या माणसाला एकदम ओढून उठवायचं नाही, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं की वाट बघायची नाही, १०८ ला फोन, एवढं तरी पाठ असायला हवं.

तिसरं, बंद घरं. वसाहतीतली कितीतरी घरं वर्षातले सहा-आठ महिने बंद असतात आणि कोकणातला पाऊस बंद घराला खातो. बुरशी, वाळवी, गळती, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी संपलेलं, पन्हळीत पाला अडकून पाणी भिंतीत मुरलेलं. आठवड्यातून एकदा जाऊन दारं-खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, नळ सोडून बघायचे, मीटरचा फोटो काढायचा, घरभर फिरून दोन मिनिटांचा व्हिडिओ मालकाला पाठवायचा. पाच-सहा घरं लागोपाठ मिळाली की महिन्याचा बरा आधार होतो, आणि हे काम ऐन पावसात असतं जेव्हा बाकी सगळं थंड असतं, म्हणून मला हे सगळ्यात आवडतं. किल्ल्यांना मात्र नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, नंबर लावायचे आणि कुठला नंबर कुणाचा ते घरात वहीत ठेवायचं.

मग आगोटीची कामं, कौलं परतणं, टाकी धुणं, झावळ्या काढणं, अंगणातली शेवाळ घासणं जिच्यावरून म्हातारी माणसं घसरतात. नळ आणि वीज, यात शिकलेला माणूस मिळतच नाही, सगळे म्हणतात 'उद्या येतो.' बाग आणि नारळ, माडावर चढणारी माणसं कमी होत चाललीयेत आणि नारळ काढून देणाऱ्याची शब्दशः घरोघर वाट बघतात.

आजारी माणसाची काळजी हे शेवटी लिहितेय कारण ते सगळ्यात जबाबदारीचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलायला लावणं, अंघोळ, खाणं भरवणं, औषधांची आठवण, हे शिकून करता येतं. पण इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर याला हात लावायचा नाही, जोपर्यंत नर्सिंगचं रीतसर शिक्षण झालेलं नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

आणि पैशांबाबतचे नियम पहिल्या दिवसापासून. कुणाचं एटीएम कार्ड जवळ ठेवायचं नाही, पिन विचारायचा नाही, त्यांनी आपणहून सांगितला तर 'काकू, मला नका सांगू' म्हणायचं. सामान आणलं की बिल आणि उरलेली मोड एकाच वेळी हातात द्यायची. ओटीपी त्यांनी वाचायचा, त्यांनीच टाकायचा. उद्या घरातून काही हरवलं तर पहिलं बोट याच्याकडेच जाणार आहे, हे त्याला घाबरवण्यासाठी नाही पण सांगून ठेवलंच पाहिजे.

पायरी ५ : शिकायचं कुठे

कामं चालू ठेवूनच शिकता येतं आणि बरंचसं फुकट आहे. प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आरसेटी म्हणतात, रत्नागिरी नि सिंधुदुर्गात ती बँक ऑफ इंडियाची आहे. राहणं-जेवणासकट मोफत, मोटर रिवाइंडिंग, मोबाइल रिपेअरिंग, शिवण, ब्युटी पार्लर असे कोर्स असतात, पुढची बॅच कशाची ते फोन करून विचारायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, तुमच्या तालुक्यात कुठे आहे ते ग्रामपंचायतीत कळेल.

आयटीआय हा लांबचा पण पक्का रस्ता. प्लंबर एक वर्ष, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन वर्षं. दहावी झालेल्यांना चालतं, प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म निकालानंतर निघतात, तारीख चुकली तर वर्ष गेलं. आयटीआय झाल्यावर एसटी आणि महावितरण ॲप्रेंटिस घेतात.

काळजीवाहू कामासाठी 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा थोड्या महिन्यांचा कोर्स असतो, त्यात हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष कामही करायला लावतात. ज्याला किंवा जिला ते मनापासून आवडलं त्यांनी पुढे एएनएम, दोन वर्षं, किंवा जीएनएम, तीन वर्षं, या नर्सिंगच्या कोर्सचा विचार जरूर करावा. नर्सिंग झालेली मुलगी कोकणात तरी बेकार राहिलेली मी बघितलेली नाही.

माडावर चढायचं तर यंत्राने, आणि शिकूनच. नारळ विकास बोर्ड चढण्याच्या यंत्राचं प्रशिक्षण देतं, पाडणाऱ्यांसाठी विम्याची योजनाही आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, माडांविषयी काहीही विचारायचं तर तिथे जाऊन या. नुसतं दोरी बांधून चढायला पोराला पाठवू नका, हात जोडून सांगते.

पायरी ६ : विचारायचं कसं

वसाहतीच्या ऑफिसात त्याने स्वतः जायचं. तुम्ही फार तर गेटपर्यंत. आत गेल्यावर बोलायचं त्यानेच, अडखळला तरी चालेल. सकाळी दहा ते बारा ही वेळ बरी, दुपारी एकनंतर सगळे झोपतात आणि झोपमोड केलेल्याला कुणी काम देत नाही. ऑफिसची परवानगी घेऊन नोटीस बोर्डावर एक कागद लावायचा आणि तोच मजकूर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगायचं, अक्षरं मोठी, मराठीत. असा काहीसा :

"नमस्कार. मी अमुक, वय २२, तमुक वाडीत मामा-मामींकडे राहतो. हयातीचा दाखला घरी येऊन, दवाखान्यात सोबत, बंद घराची आठवड्याची पाहणी, मोबाइल-बँकेच्या कामात मदत ही कामं करतो. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दरपत्रक ऑफिसात ठेवलं आहे. पोलीस पडताळणी दाखला आणि लायसन आहे. फोन नंबर अमुक."

बास, एवढंच. 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' लिहू नका, ते सगळेच लिहितात. कामं आणि वेळ लिहिलेला कागद लोक कापून फ्रिजला लावतात. आणि फोन वाजला की उचलायचा किंवा अर्ध्या तासात परत करायचा, गाणं वाजतं तसली रिंगटोन बंद ठेवायची, म्हाताऱ्या माणसांना वाटतं चुकीचा नंबर लागला.

वसाहतीतल्या निवृत्त मंडळींकडून आणखी एक मोठी गोष्ट मिळते ती मागायला विसरू नका. तिथे कुणी बँकेतून निवृत्त असतं, कुणी मुख्याध्यापिका, कुणी कारखान्यातले इंजिनीअर. संध्याकाळी बाकावर बसलेल्या एका काकांना त्याने नीट विचारलं की 'काका, माझा बायोडेटा बघून द्याल का, मुलाखतीची तयारी घ्याल का', तर ते उत्साहाने तासभर बसतात. त्यांना कुणीतरी कामाचं काही विचारलेलं वर्षानुवर्षं झालेलं असतं. त्यातून ओळखी निघतात त्या दया म्हणून निघालेल्या ओळखींपेक्षा फार वेगळ्या असतात.

पायरी ७ : पैसे, आणि 'घरचाच मुलगा आहे'

याविषयी मला तळमळीने बोलायचंय. आपल्याकडे प्रेमाने म्हणतात, "अरे घरचाच मुलगा आहे," आणि मग त्याला जेवायला वाढतात, लाडू देतात, पैसे मात्र राहून जातात. एकदा, दोनदा, मग सवय होते. मुलगा मागत नाही कारण समोर आजी आहे. चार महिने असे गेले की तो कामाला कंटाळतो आणि घरचे म्हणतात याला टिकून राहता येत नाही. त्यामुळे नाती जपायची असतील तर दर आधी सांगायचे, लेखी. वसाहतीतल्यांनाही सांगते, तुम्ही देणारे असाल तर कृपया त्याच दिवशी द्या.

दर काढताना गावात दिवसाची मजुरी काय चालते ते विचारा, अर्ध्या दिवसाच्या कामाला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी घ्यायचं नाही, पेट्रोल वेगळं. एखाददुसऱ्या फेरीपेक्षा महिन्याचं ठरवलेलं बरं, म्हणजे त्याला किती येणार ते कळतं आणि त्यांना रोज सुट्टे शोधावे लागत नाहीत. रविवार सुट्टी. अडीअडचणीला गेला तर जादा. पैसे शक्यतो खात्यात, म्हणजे उद्या कर्ज काढायचं झालं तर बँकेला दाखवायला नोंद राहते. शेजारधर्म म्हणून फुकट काय करायचं तेही त्यानेच ठरवावं, एकट्या आजींचा सिलिंडर बदलून दिला, दिव्याची वात आणून दिली, त्याचे कोण पैसे घेतं.

वसाहतीच्या सिक्युरिटी किंवा हाउसकीपिंगच्या एजन्सीत लागला तर प्रश्न वेगळे. हातात किती, कापून किती, ड्युटी आठ तास की बारा, सुट्टी कुठली, बदली माणूस आला नाही तर काय. पीएफ कापत असतील, साधारण मूळ पगाराच्या १२ टक्के, तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा त्याचा स्वतःचा नंबर, मागून घ्या आणि उमंग ॲपवर पैसे खरंच जमा होतायत का ते दोन-तीन महिन्यांनी बघा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचंही विचारा. नियुक्तीपत्र मागायला लाजायचं नाही.

मुलींसाठी एवढंच वाढवते की पहिल्या भेटीला बरोबर कुणीतरी जावं, कुठल्या घरी किती वाजेपर्यंत आहे ते घरच्या ग्रुपवर असावं, आणि एखाद्या घरात मन लागत नाही असं तिने सांगितलं की कारण न विचारता ते काम सोडायचं.

पायरी ८ : फसवणूक

'रजिस्ट्रेशन फी', 'युनिफॉर्मचे पैसे', 'ट्रेनिंग किटचं डिपॉझिट' मागणारी नोकरी म्हणजे नोकरी नाहीच. मुलाचं आधार-पॅन घेऊन त्याच्या नावे बँक खातं उघडून 'फक्त पैसे इकडून तिकडे फिरवायचे' असं काम कुणी सांगितलं तर पोलिसांचं लफडं त्याच्याच गळ्यात येतं. पैसे गेलेच तर तासाच्या आत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

पायरी ९ : सरकारी नोंदणी आणि पुढचं

राज्याच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवा, रोजगार मेळाव्यांचे मेसेज येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, तिथे एकदा प्रत्यक्ष जा. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, १८ ते ३५ वयासाठी, विद्यावेतन बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधरांना १० हजार. सध्या जागा निघाल्यात का ते त्याच केंद्रात विचारा. डबे द्यायचे असतील, आणि वसाहतीत कमी तिखटाच्या, कमी तेलाच्या डब्याला फार मागणी असते, तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी काढा. कामं वाढून दोन-तीन पोरं हाताशी घ्यायची वेळ आली तर छोट्या धंद्यांसाठी असते ती उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला हजार रुपये देऊ नका.

सहा महिने झाले की त्याच्याशी पुन्हा त्याच वहीसकट बसा. काही पोरं इथेच रमतात, काहींना कळतं की आपल्याला शहरातच जायचंय, आणि जायचं असेल तर अडवू नका. जाण्याआधी ज्या ज्या घरी काम केलं त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायला सांगा, काय काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, सही, फोन नंबर आणि त्यांचा निवृत्तीआधीचा हुद्दा. किल्ल्यांची वही आणि नोव्हेंबरच्या दाखल्यांची यादी त्याने गावातल्या जोडीदाराकडे रीतसर सोपवायची, प्रत्येक घरी नवीन मुलाला स्वतः घेऊन जाऊन ओळख करून द्यायची.